यवतेश्वरच्या घाटात आबांची भरती

सांगलीच्या उद्घाटनात कृष्णात जे बोलून बसला होता, ते निस्तरायचा दिवस उद्यावर आला होता, आणि साताऱ्यात बहिणीच्या घरी तो गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता. अजून एक पाऊलही पळाला नव्हता, पण पाय आधीच दुखत होते.

"मीठ टाकलंय न्हवं पान्यात?" त्यानं विचारलं.

"टाकलंय," शालूबाई म्हणाली. "आता हळद-तिखट टाकलं की रस्सा व्हईल."

कृष्णात हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं विश्रामबागेतला तो हॉल होता. त्याची लेक सृष्टी आणि तिच्या डॉक्टर मॅडमनी मिळून विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी सांगलीत केंद्र काढलं होतं. दिवसभर म्हाताऱ्यांना तिथं सांभाळायचं, संध्याकाळी घरी पाठवायचं. लेकीचं काम म्हणून आणि साखर कारखान्याच्या निवडणुकीत यंदा उभं राहायचं म्हणून कृष्णात स्टेजवर पहिल्या खुर्चीत होता. माईक हातात आला आणि त्याचं भान सुटलं. "डिमेन्शिया हा आजार घराघरात आहे! लोक लपवतात! माझं हात जोडून सांगणं आहे, लपवू नका!" टाळ्या पडल्या. ह्या टाळ्या पडत होत्या तेव्हा त्याचे स्वतःचे वडील आबा, म्हणजे भाऊसो हवालदार, गावी घरात बाहेरून कडी लावून टीव्हीपुढं बसवलेले होते, ही गोष्ट त्या हॉलमध्ये फक्त सृष्टीला माहीत होती. ती बापाकडं एकटक बघत होती.

पुढं निवेदिकेनं सांगितलं की गावोगावच्या म्हाताऱ्यांना आणायला-सोडायला केंद्राला गाडी हवी आहे, आणि त्यासाठी काही मंडळी साताऱ्याच्या मॅरेथॉनमध्ये पळणार आहेत. टाळ्यांची धुंदी उतरली नव्हती. कृष्णातनं माईक परत ओढला. "काही मंडळी कशाला? मी स्वतः पळणार!"

शेजारच्या खुर्चीत जयराज होता. कारखान्याच्या निवडणुकीत हाच समोर उभा राहणार. कडक इस्त्रीचा, बारीक मिशीचा, कधी मोठ्यानं न बोलणारा माणूस. त्यानं शांतपणे माईक घेतला. "कृष्णातदादा आख्खं अंतर पळून आले, तर केंद्राची गाडी माझ्याकडनं."

हॉल दणाणला. घरी जाताना कृष्णातनं सृष्टीला विचारलं, "किती असतंय गं ते? दोन-तीन किलोमीटर?"

"एकवीस, पप्पा. त्यातलं निम्मं यवतेश्वरचा घाट चढत."

मग सराव सुरू झाला. उसाच्या फडांमधल्या रस्त्यानं कृष्णात पहाटे पळू लागला, तशी गावात चौकशी सुरू झाली. पहिल्या दिवशी दोघंजण काठ्या घेऊन त्याच्या मागं पळाले. त्यांना वाटलं, दादांची म्हैस सुटली. नंतर मोटारसायकलवाले थांबू लागले. "दादा, चालत कुठं? बसा की." नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून कृष्णात बसायचा. त्याचा अर्धा सराव असा दुसऱ्यांच्या मोटारसायकलींवर झाला होता.

आता बादलीतलं पाणी कोमट झालं होतं, तेवढ्यात दारात गाडीचा हॉर्न वाजला. संयोगिता, त्याची बायको, उतरली. तिनं पलीकडचं दार उघडून हात पुढं केला, आणि तिचा हात धरून आबा उतरले. पांढरी विजार, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. बेळगावला आयुष्यभर मराठा पलटणीची पोरं घडवलेला माणूस; पाठ अजून ताठ.

कृष्णात बादलीतच उभा राहिला. "संयोगिता! मी तुला काय सांगितलं व्हतं? आबांना घरी ठिवायचं ठरलं व्हतं!"

"तुमी ठरवलं व्हतं," संयोगिता म्हणाली. "मी न्हाई."

आबांनी त्याला वरपासून बादलीपर्यंत न्याहाळलं. "ह्यो कोन गडी हाय? बादलीत हुबा ऱ्हाऊन काय करतोय?"

"तुमचा कृष्णात हाय आबा," संयोगिता म्हणाली.

"कृष्णात बारका हाय अजून," आबा म्हणाले आणि चप्पल काढून आत गेले.

शालूबाई भावाच्या बाजूची. लहानपणापासूनच होती. तिनं वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज खाली आणून, पण बाहेर भावाला ऐकू जाईल इतपत, बोलू लागली. "वैनी, आवं लोकांत कशाला आनलं आबांना? उद्या तिथं आरधं सातारा असनार. दादाच्या निवडनुकीचं काय? लोक म्हंत्याल, ह्याचा बापच आसा, तर ह्यो उद्या कारखान्याची सही कुठं करंल?"

"वन्सं, आजार आबांना झालाय. सही ह्यांना करायचीय."

"तसं न्हवं. आबांनी जन्मभर मानानं दिवस काढलं. त्येंची अशी शोभा—"

"त्येंची शोभा कशानं व्हतीय? कडी लावून बसवल्यानं व्हतीय," संयोगिता म्हणाली, आणि पिशवीतून पिवळ्या शर्टांचा गठ्ठा काढून तिनं ओट्यावर ठेवला. वरचा शर्ट झटकून धरला. छातीवर ठळक निळ्या अक्षरांत छापलेलं होतं: 'माझ्या वडिलांना डिमेन्शिया आहे. तुमच्या घरी कोणाला?'

कृष्णात ओल्या पायांनी आत आला होता. त्यानं ते वाचलं. चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला.

"हे कोन घालनार?"

"तुमी."

"मी मेलो तरी घालनार न्हाई."

"मरायला कशाला पायजे? पळताना घाला," संयोगिता म्हणाली. "सृष्टीनं छापून घेतल्यात. हा तुमच्या मापाचा. दोन एक्सेल."

ह्या मापाच्या उल्लेखानं वाद आणखी चिघळला. शालूबाईनं शर्टाच्या रंगापासून सुरुवात केली आणि माहेरच्या अब्रूपर्यंत येऊन पोचली. आबा आत पाटावर जेवायला बसले होते. भाकरीचा चतकोर मोडून सदऱ्याच्या खिशात घालत होते. चढाईवर जाताना शिदोरी बरोबर हवी, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. शालूबाई तोंड आणि हात दोन्ही चालवत त्यांना वाढायला वाकली, तेव्हा त्यांनी तिच्याकडं वर बघितलं. नजरेत थोडं आर्जव होतं.

"बाई, एक इचारू का?"

शालूबाई थांबली. वडलांनी आजवर तिला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं.

"इचारा की."

"तुमच्या हितनं माजी शालू गेली व्हती का? दोन येन्या घातलेली. साळंतनं अजून आली न्हाई. अंधार पडायला लागलाय."

शालूबाईच्या हातातली भाजीची पळी तशीच वर राहिली. कृष्णातला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. पण ती खाली बसली, आबांच्या ताटात भाजी वाढली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "येतीय आबा. वाटंत हाय. आत्ता बघितली मी तिला."

"मंग बरं," आबा म्हणाले आणि जेवू लागले.

ती परत ओट्याशी आली. पदरानं तोंड पुसलं. पिवळा शर्ट उचलून तिनं भावाच्या अंगावर फेकला.

"दादा, गुमान घाल त्यो."

"अगं पर तूच आत्ता—"

"मी आत्ता काय म्हनले ते इसर. उद्या आबा घाटात बसून तुला बघनार. मी नेनार त्येंना."

तासाभरापूर्वी हे घर दोन विरुद्ध एक असं कृष्णातच्या बाजूनं होतं. आता तो एकटाच उरला होता, आणि बादलीतलं पाणीही गार झालं होतं.

सकाळी शर्यतीच्या मैदानावर कृष्णातनं शर्ट घातला. शब्द दिला होता. फक्त उलटा घातला. शिवण बाहेर, अक्षरं आत. घालताना स्वतःच्या हुशारीचं त्याला फार कौतुक वाटलं. संयोगिता आणि शालूबाई आबांना घेऊन रस्ता बंद व्हायच्या आत घाटावर गेल्या होत्या, त्यामुळं बघणारं कुणी नव्हतं. सृष्टी होती, पण ती केंद्राच्या लोकांना पाणी वाटायला लावण्यात गुंतली होती.

गर्दी सुटली. पुण्याची, मुंबईची सडपातळ माणसं हरणासारखी निघून गेली. भरतीची तयारी करणारी माणदेशी पोरं तर दिसलीच नाहीत. कृष्णात पोटाला दोन्ही बाजूंनी सावरत पळत होता.

"काका, शर्ट उलटा आहे," एक मुलगी शेजारून जाताना म्हणाली.

"म्हाईत हाय," कृष्णात म्हणाला.

पुढं एका म्हाताऱ्या जोडप्यानंही तेच सांगितलं. मग एका पोलिसानं. बोगद्यापर्यंत इतक्यांनी सांगितलं की कृष्णातला वाटलं, सरळ घातला असता तर इतक्या लोकांनी बघितलाही नसता.

घाट लागला तसा तो पळायचा थांबून चालू लागला, आणि चालायचा थांबून उभा राहू लागला. खाली अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पसरलेलं शहर उन्हात चमकत होतं. पुढं गेलेले लोक आता वरून परत खाली येत होते आणि त्याला टाळ्या वाजवून धीर देत होते. माणूस अगदीच गाळात असला की लोक अशा टाळ्या वाजवतात, हे कृष्णातला कळत होतं. गाडीचा नाद सोडून द्यावा, असं मनात आलं. सृष्टीला सांगावं, पुढच्या वर्षी बघू.

तेवढ्यात वरच्या वळणावरून आवाज आला.

"सीना बाहर! छाती काढ रं! छाती घरी ठिवून आलास काय?"

तो आवाज कृष्णातच्या हाडात मुरलेला होता. लहानपणी रजेवर आलेल्या आबांनी त्याला ह्याच आवाजात गावच्या विहिरीभोवती पळवलं होतं.

वळणावर पाण्याचं टेबल होतं. शेजारी खुर्ची होती, पण आबा खुर्चीत नव्हते. रस्त्याच्या कडेला ताठ उभे होते, हात पाठीमागं. समोरून नंबर लावलेली, घामेजलेली माणसं रांगेनं पळत येताना बघून त्यांनी एकच अर्थ काढला होता: भरती सुरू आहे आणि आपण पोरांना कवायत शिकवणारे उस्ताद आहोत.

"तू! पास! फुडं जा! तू, लाल टोपी, पाय घासत पळू नगंस, बूट सरकारचं हाईत!"

आणि गंमत म्हणजे लोकांना हे भलतंच आवडलं होतं. 'पास' ऐकलं की माणसं मुठी वर करत होती. पुण्याची एक बाई नापास झाली म्हणून पन्नास पावलं खाली जाऊन पुन्हा चढून आली होती. शालूबाई टेबलाशी उभी राहून पाणी देत होती आणि नापास झालेल्यांची समजूत काढत होती, "आवं, ते लय कडक हाईत. मलाबी कवा पास केलं न्हाई."

कृष्णात टेबलाजवळ आला आणि थबकला. टेबलापलीकडं जयराज उभा होता. पांढरा शुभ्र सदरा, पायात कोल्हापुरी चपला. गाडी द्यायची तर दादा कुठंवर येतात, ते बघायला तो जातीनं आला होता. आणि तो कृष्णातकडं बघत नव्हता. तो आबांकडं बघत होता.

मागं फिरावं म्हटलं तर पाय वळेनात. तेवढ्यात आबांची नजर त्याच्यावर पडली.

"थम!"

कृष्णात थांबला. अवतीभवतीचे चार-सहा जणही थांबले.

"ही काय वर्दी हाय?" आबा जवळ आले. त्याच्या खांद्यावरची बाहेर आलेली शिवण त्यांनी दोन बोटांत धरली. "उलटी! पलटनीत उलटी वर्दी? नीट कर."

"आबा," कृष्णात हळू आवाजात म्हणाला, "घरी गेल्यावर करतो."

"घरी? तुज्या आयला सांगतोस व्हय घरी गेल्यावर? आत्ता कर! हितं!"

संयोगिता पुढं आली नाही. हाताची घडी घालून बघत राहिली. शालूबाईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं. कृष्णातनं जयराजकडं बघितलं. मग आबांकडं. आबांची हनुवटी थरथरत होती, पण नजर तीच होती, ज्या नजरेपुढं शेकडो पोरांनी गपचूप हुकूम मानला होता.

कृष्णातनं शर्ट डोक्यावरून काढला. यवतेश्वरच्या वळणावर, भर गर्दीत, त्याचं सगळं पोट उन्हात आलं. शर्ट सरळ करून त्यानं परत घातला, खाली ओढला. निळी अक्षरं छातीवर आली. बघणाऱ्यांनी ती वाचली. कुणी हसलं नाही. मघाशी नापास झालेली पुण्याची बाई अक्षरांकडं, मग आबांकडं बघत राहिली.

आबांनी अक्षरं वाचली नाहीत. त्यांनी कॉलर नीट केली. "नाव?"

"कृष्णात."

"बापाचं नाव?"

सगळ्यांना ऐकू जाईल असं कृष्णात म्हणाला, "भाऊसो. हवालदार भाऊसो. बेळगावात उस्ताद व्हते."

आबा विचारात पडले. "भाऊसो... बेळगावचा? त्यो उस्ताद?"

"व्हय. त्योच."

आबांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "मंग हितं हुबा काय ऱ्हायलास लेका? त्यो माणूस लय खडूस. त्याला कळलं ना, त्याचं पोरगं चालत आलंय, तर माजीबी खैर न्हाई. पळ! आख्खं पळ! मागं बघू नगंस!"

आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक थाप घातली. म्हाताऱ्या हाताची होती, पण कृष्णात सुटला.

माथ्यावरून वळून तो परत खाली आला, तेव्हा वळणावर जयराज वाट बघत उभा होता. तो शेजारून चालू लागला. मग कृष्णातचा वेग बघून त्यानं चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच पळू लागला. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला.

"तुमी कशाला?" कृष्णातनं धापा टाकत विचारलं. "गाडी द्यायची नसंल तर तसं सांगा."

"गाडी तर देनार. पळालात, न पळालात, तरी देनार व्हतो." त्यानं चपला ह्या हातातून त्या हातात घेतल्या. "आमच्या आईला... ती रोज दिवस मावळतीला पिशवी भरती. म्हंती, मला माहेरी सोड, भाऊ न्यायला आलाय. मामा जाऊन किती वर्सं झाली. मी मळ्यातल्या घरी ठिवलीय तिला. गावाला सांगितलंय, तीर्थाला गेलीय."

कृष्णात त्याच्याकडं बघतच राहिला. "अजून तीर्थातच हाय?"

"काशी झाली. रामेश्वर झालं. आता तीर्थं संपत आली दादा."

कृष्णातला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबता येईना. जयराजही हसू लागला. दोघं कारखान्याचे उमेदवार, एक पिवळ्या शर्टात, एक हातात चपला घेऊन, घाटाच्या कठड्याला धरून हसत सुटले. मागं रुग्णवाहिका येऊन थांबली. डॉक्टरनं खिडकीतून विचारलं, "काही त्रास होतोय का?"

"व्हतोय," कृष्णात म्हणाला. "पर तुमच्याकडं त्याचं औषद न्हाई. जयराजराव, सोमवारी आईला घेऊन या सांगलीला. सृष्टीशी मी बोलतो. मीबी आबांना आननार हाय. आपल्याच गाडीतनं."

"लोक?"

"लोक काय म्हनायचं ते म्हनू द्यात. माज्या छातीवर छापलंच हाय."

उतारावरून ती वरात खाली आली. सगळ्यात मागं राहिलेला कृष्णात, शेजारी अनवाणी जयराज, मागं रुग्णवाहिका, आणि रस्ता मोकळा झाला तशी तिच्यामागून निघालेली शालूबाईची गाडी. पुढच्या सीटवर आबा होते. खिडकीतून हात बाहेर काढून ते दारावर ताल धरत होते, "लेफ्ट! राइट! लेफ्ट!" जरा वेळानं कृष्णातचे पाय खरंच त्या तालावर पडू लागले.

मैदानावरची कमान अर्धी उतरवलेली होती. सृष्टीनं मजुरांच्या हातापाया पडून अर्धी थांबवून ठेवली होती. कृष्णात त्या वाकड्या कमानीखालून आला आणि चार पावलं पुढं जाऊन गवतावर आडवा झाला. सृष्टी बाटली घेऊन पळत आली. तिची नजर शर्टावर गेली. बापाच्या कपाळावरचा घाम स्वतःच्या ओढणीनं पुसत राहिली.

"पप्पा, उठू नका."

"उठतंय कोन?"

गाडीतून आबा उतरले. संयोगिता आधाराला पुढं झाली, पण ते तिच्याआधी चालत आले, गुडघे मोडून गवतावर बसले आणि कृष्णातचा उजवा पाय ओढून त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. पोटरीत गोळा आला होता. अंगठ्यानं ते तो दाबू लागले. कृष्णात धडपडून उठायला लागला.

"आबा, आवं आबा, पाय नगा धरू माजं. पाप लागंल मला."

"गप पड. पयल्या दिवशी समद्यांचंच आखडत्यात. एवढं पळालास, ते काय कमी हाय?"

त्यांची बोटं सुरकुतलेली, नखं पिवळी पडलेली, पण गोळा कुठं आहे ते त्या बोटांना बरोबर माहीत होतं. कृष्णात आभाळाकडं बघत पडला. डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही.

"उस्ताद," त्यानं विचारलं, "पास झालो का मी?"

आबांनी मान वर केली नाही.

"पास-नापास सायेब बघत्याल. तू पाय ढिला सोड."

कृष्णातनं पाय ढिला सोडला.